सुपारीच्या वरातीखालचे तूप

रुखवत भाड्याने मिळते, ही माहिती सुनेने मला एका रविवारी सकाळी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता दिली. इंदूरच्या एक बाई संपूर्ण संच पुरवतात. सप्तपदीची सजवलेली पावले, मोत्यांची पालखी, साखरेचा बंगला, दिव्यांचे तुळशीवृंदावन. सकाळी त्यांचा माणूस आणून मांडतो आणि काम झाले की उचलून नेतो.

"एकदम बढिया सेट आहे, बाबा. फोटोत इतका छान येतो ना!"

मी कप खाली ठेवला. नातीचे लग्न महिन्यावर आले होते. मुलीकडच्या बायका स्वतःच्या हातांनी वस्तू करतात, त्या मांडवात मांडतात आणि लग्न लागल्यावर त्या वस्तू मुलीबरोबर सासरी जातात, त्याला रुखवत म्हणतात. जी वस्तू त्याच दिवशी इंदूरला परत जाते तिला काय म्हणावे, हे मला ठाऊक नव्हते. मी तसे सुनेला विचारले. ती म्हणाली, "बाबा, आता सगळे असंच करतात."

माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उज्जैनमध्ये आमच्यासारखी मराठी कुटुंबे नोकरीपायी आली आणि इथलीच झाली. माझे वडील रेल्वेत होते, मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. बोलण्यातले निम्मे शब्द हिंदी झाले, जेवणात दाल-बाफले आले. जे थोडे आहे तसे राहिले त्यांत रुखवत होते, आणि आमच्या फ्रीगंज भागातल्या कितीतरी मुलींची रुखवते माझ्या पत्नीने केलेली होती. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरू लागला. सुई सुटली. डिंक लावलेली वस्तू सुकेपर्यंत धरून ठेवणे तिला जमेनासे झाले.

"आई, तुम्ही आता आराम करा," सून म्हणाली. "लग्नात मस्त खुर्चीवर बसायचं."

या वाक्याची मला चीड आहे. म्हाताऱ्या माणसाला आराम करा म्हणणे म्हणजे तुमची जागा दुसऱ्याला दिली आहे, असे सभ्य शब्दांत कळवणे.

"सुपारीची वरात मी करणार," पत्नी म्हणाली. "पोरीला शब्द दिलाय मी."

नात बंगळुरूला नोकरी करते. आजीचा हात तिला माहीत होता. त्या आठवड्यात तिने टपालाने एक ग्लू गन पाठवली, सोबत गोंदाच्या पांढऱ्या कांड्या. मागून कांडी घालायची, तापली की चाप दाबायचा, पुढून पातळ गोंद येतो आणि क्षणात घट्ट होतो. "आजी, धरून बसायला नको. नुसतं दाबायचं," ती फोनवर म्हणाली.

सुनेने अट घातली. टेबल एकच आहे. आईंची वरात नीट झाली तर टेबलावर मांडू. नाही झाली तर इंदूरचा संच आहेच. मुलाने मान डोलावली. तो दोन्ही बाजूंना मान डोलावतो.

सुपारीची बाहुली उभी राहत नाही, ही पहिली अडचण. सुपारीचा बुडखा सपाट नसतो, आणि त्यावर दुसऱ्या सुपारीचे डोके बसवले की बाहुली कलंडते. पूर्वी पत्नी प्रत्येकीखाली कापडाची चुंबळ शिवत असे. आता तिने निराळी रीत काढली. सपाट जागेवर गोंदाचा रुपयाएवढा थेंब सोडायचा, तो गरम असतानाच सुपारी त्यात उभी करायची, निवाल्यावर थेंबासकट उचलायची. सुपारीला आपोआप बैठक मिळते. रीत उत्तम होती. प्रश्न सपाट जागेचा होता. वर्तमानपत्रावर थेंब सोडला तर बैठकीबरोबर बातम्याही उचलल्या गेल्या. प्लास्टिकची पिशवी वितळली. स्टीलच्या ताटाला थेंब असा धरून बसला की सुपारी हातात आली आणि बैठक ताटातच राहिली.

मग तिने ताटाला तुपाचा हात लावला.

तिच्या जागी कोणीही तेच केले असते. नारळाची वडी, तिळाची वडी, चिक्की. जे गरम ओतायचे आणि गार झाल्यावर उचलायचे, त्याच्याखाली तूप लागते, हे तिच्या हातांना पन्नास वर्षांपासून माहीत होते. आणि बैठका खरोखरच सुटल्या. अलगद, आरशासारख्या गुळगुळीत. ती भराभर बाहुल्या करू लागली. नवरदेव, घोडा, ताशेवाले, अब्दागिरी धरणारा, फेटेवाले काका, मागे नऊवारीतल्या बायका. एका काकांचे पोट सुटलेले होते, कारण सुपारीच तशी निघाली.

"हे कोण?" मी विचारले.

"तुमचे थोरले बंधू."

बैठकांना सोनेरी रंग द्यायला घेतला तेव्हा रंग ठरेना. थेंब थेंब होऊन सरकायचा. "डुप्लिकेट माल," असे म्हणून तिने रंगाची बाटली बाजूला ठेवली आणि बैठकांच्या कडा मखमलीच्या पट्टीने झाकल्या. जांभळी मखमल लावलेल्या फळीवर त्याच गोंदाने सगळी वरात चिकटवली. हे झाले संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सुनेने पुण्याला विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला, आणि वरात दाखवावी म्हणून फळी उचलून तिरकी धरली.

आधी नवरदेव घसरला. मग घोडा. मग सगळे एकदम.

"अगंबाई!" फोनमधून विहीणबाई ओरडल्या. "वरात आडवी झाली की हो! आमचा मुलगा घोड्यावरून पडला!"

त्या हसल्या. सून हसली. माझा मुलगा हसला. पत्नीही हसली, कारण सगळे हसताना त्या खोलीत तिला दुसरे काय करता आले असते? मी हसलो नाही. ताशेवाला गडगडत माझ्या पायाशी आला होता.

फोन ठेवल्यावर सून जमिनीवर बसून बाहुल्या गोळा करू लागली. तिचा स्वर चांगला होता, हे मला नोंदवले पाहिजे. "आई, वाईट नका वाटून घेऊ. मी इंदूरला कन्फर्म करते हं."

"कर," पत्नी म्हणाली आणि आत गेली.

मी ताशेवाला उलटा केला. बैठकीच्या खालून अंगठा फिरवला. अंगठा सरकला. नाकाशी नेला. साजूक तूप. मला त्या क्षणी जो राग आला तो तुपाचा नव्हता. वरात पडताना सगळ्यांनी पाहिली, हसून घेतले, निर्णय घेतला, इंदूरला कळवायचे ठरवले; पण एकानेही एक सुपारी उलटी करून पाहिली नाही. म्हातारीच्या हातून गेले, एवढे कारण सर्वांना पुरेसे होते.

मी बाहुली घेऊन आत गेलो.

"हात नव्हे. तूप," मी म्हणालो.

"पुसलं होतं मी सगळं."

"दिसणारे पुसलेस. वडी खायची असते, तिला पुन्हा कशाला चिकटवायचे नसते. हिला चिकटवायचे आहे. ताटापासून सोडवणारे तूप हिच्याबरोबरच उचलले जाते आणि फळीपासूनही सोडवते. रंगही त्यामुळेच सरकला."

तिने बाहुली घेतली, खालून बोट फिरवले आणि ते अंगठ्यावर चोळून पाहिले. मग म्हणाली, "सगळ्या बैठका कापाव्या लागतील."

"लागतील."

"आणि मग ठेवायच्या कशावर?"

"जो चिकटणार नाही आणि स्वतःचे काही देणारही नाही, अशा पृष्ठभागावर."

"असं काय असतं?"

ते मलाही माहीत नव्हते. माझ्या नकाशाच्या टेबलावरची काच काढून आणली. काचेवरून बैठक सुटते, पण सुटताना जोर लागतो, आणि तो जोर तिच्या हातात उरलेला नाही. मी ओढली तर फेटेवाल्या काकांचे डोके निघाले. "तुमच्या भावावरचा राग त्याच्यावर काढू नका," ती म्हणाली. काच परत गेली.

उत्तर आमच्याच ओट्यावर होते. गनच्या तोंडातून अधूनमधून गोंद गळतो. पत्नी नवी कांडी घालत असताना एक थेंब ओट्यावर वाळत घातलेल्या, रबरासारख्या मऊ करड्या चटईवर पडला. सून त्या सिलिकॉनच्या चटईवर पोळ्या लाटते. ती नोकरी करते त्या बँकेतल्या मैत्रिणीने तिला दिली होती. थेंब निवाला. पत्नीने तो नखाने उचलला आणि तो टिकलीसारखा निघून आला.

"अहो, इकडे या. लवकर!"

मी थेंबाच्या खालून अंगठा फिरवला. कोरडा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि कामाला लागलो. सून बँकेतून आली तेव्हा तिच्या चटईवर बैठकांची रांग लागलेली होती.

"आई! यावर मी पोळ्या लाटते!"

"अगं, काही चिकटत नाही बघ याला."

"चिकटत नाही म्हणून काय झालं? केमिकल आहे ते! उद्या त्यावर कणीक ठेवायची मी? बाबा, तुम्ही तरी सांगायचं!"

तिचे म्हणणे बरोबर होते आणि मी तसे म्हणालो. त्याने ती अधिकच चिडली, कारण भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाला होकार फार जड जातो. तिने बैठका पटापट काढून वाटीत टाकल्या, चटई घासून धुतली आणि आपल्या कपाटात ठेवली. चटईला त्या जराही चिकटल्या नव्हत्या, हे तिने पाहिले.

मी टावर चौकातल्या भांड्यांच्या दुकानातून नवी चटई आणली. डब्यावर सिलिकॉन लिहिले होते. पहिल्याच थेंबाला चटईला सुरकुती पडली, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि थेंब तिच्यात रुतून बसला. लग्नाला दहाबारा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी चटई, गन आणि कांड्या पिशवीत घालून तिथे हजर झालो.

"यह सिलिकॉन नहीं है," मी दुकानदाराला म्हणालो.

"बाबूजी, डिब्बे पर लिखा तो है."

"मुझे डिब्बे पर काम नहीं करना है."

"इस्तेमाल किया हुआ माल वापस नहीं होता. बोर्ड देखो."

"वापस मत लो. बदलकर दो. और बदलने से पहले मैं यहीं देखूँगा. स्विच कहाँ है?"

"बाबूजी, यह दुकान है, लैबोरेटरी नहीं!"

गल्ल्याशेजारी त्याचा फोन चार्जिंगला लावला होता. तो मी काढला आणि गन लावली. गन तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. त्याने नोकराला हाक मारली, मग काय सांगावे ते न सुचून चहा आणायला पिटाळले. गिऱ्हाईक बायका भोवती जमल्या.

"अंकल, केक बनाओगे क्या?" एकीने विचारले.

"नहीं. बारात."

त्यावर पुन्हा हशा झाला. मी हसण्यासारखे काही बोललो नव्हतो. एका चटईला थेंब घट्ट चिकटला. दुसरी वळली आणि काळी पडली. दुकानदाराचा चेहरा पाहून मला समाधान झाले. तिसरी चटई जाड, विटकरी रंगाची, केक-बिस्किटांच्या भट्टीत घालायची होती. त्यावरचा थेंब मी फुंकर घालून निववला आणि नुसत्या बोटाने ढकलला. तो घसरून गल्ल्यावर पडला.

"भैया, मुझे भी यही वाला दिखाओ," ती केकवाली बाई लगेच म्हणाली.

"यह असली है, दीदी. हम तो असली ही रखते हैं," दुकानदार म्हणाला. मग मला, "बाबूजी, चाय पी लो. गुस्सा सेहत के लिए ठीक नहीं."

मी चहा घेतला नाही. चटई घेतली.

त्यानंतरचे दिवस आम्ही दोघांनी त्या विटकरी चटईसमोर काढले. जुन्या बैठका ब्लेडने कापल्या, सुपाऱ्या साबणाच्या गरम पाण्याने धुऊन गच्चीवर वाळवल्या, भिजलेले फेटे नव्याने गुंडाळले. ती गोंदाचा थेंब सोडायची आणि मी सुपारी उभी करायचो.

"हलवू नका."

"मी हलवत नाही."

"मग फुंकता कशाला रागाने? बाहुली कलते."

"श्वास घेतो आहे."

"जरा कमी घ्या."

वरात फळीवर बसली तेव्हा मी सुनेला बोलावले आणि फळी तिच्या हातात दिली. तिने ती तिरकी केली. मग अजून तिरकी. शेवटी जवळजवळ उभीच धरली. घोड्याचे कानसुद्धा हलले नाहीत.

"चांगली झालीय, आई," ती हळू म्हणाली. "पण इंदूरचं आता कॅन्सल होत नाही. दोन्ही ठेवू ना."

लग्न देवास रोडवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये होते. मी सकाळी पोहोचलो तेव्हा टेबलावर इंदूरचा संच लखलखत होता, मागे दिव्यांची माळ. वरात त्यावर नव्हती. शोधली तेव्हा ती बडीशेप आणि मुखवासाच्या टेबलावर सापडली. सुपारी म्हटल्यावर मांडणाऱ्या माणसाने ती तिथे ठेवली असावी. एक पाहुणे हातात चमचा घेऊन तिच्यावर वाकले होते.

"भाईसाहब, यह खाने वाली है?"

"नहीं," मी म्हणालो. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ते दुसरीकडे निघून गेले.

मी फळी उचलली, रुखवताच्या टेबलाकडे नेली, मोत्यांची पालखी बाजूला सरकवली आणि वरात मधोमध ठेवली. इंदूरचा माणूस धावत आला.

"अंकल, सेटिंग मत बिगाड़ो!"

"सेटिंग तुम्हारी है. पोती मेरी है."

मुलाने माझा दंड धरला. "बाबा, लोक बघताहेत."

"बघण्यासाठीच मांडतात," मी म्हणालो. वरात तिथेच राहिली. लांबून, खुर्चीवरून पत्नी मला हाताने खाली बसा, खाली बसा, असे खुणावत होती.

लग्न लागले. पुण्याची मंडळी जेवत असतानाच इंदूरच्या माणसाने खोकी आणली. संध्याकाळी त्याचा दुसरीकडे संच लागायचा होता. पालखी, पावले, बंगला, दिवे, सगळे भराभर आत गेले. विहीणबाई हात पुसत आल्या तेव्हा पांढऱ्याशुभ्र टेबलावर फक्त जांभळी फळी होती.

"रुखवत बांधायला घेतलं का?" त्या सुनेला म्हणाल्या. "ती पालखी बाई फारच सुरेख! तुम्ही पाठवलेला फोटो पाहूनच मी तिच्यासाठी शोकेसमध्ये जागा करून आलेय."

सुनेचा चेहरा उतरला. "ते... इंदूरचं होतं."

"म्हणजे?"

"भाड्याचं."

विहीणबाई थोडा वेळ टेबलाकडे पाहत राहिल्या. मला बोलता आले असते. मी बोललो नाही. सुनेला त्या शांततेत उभे राहू द्यावे असे मला वाटले, आणि मी ते वाटू दिले.

"मग हे?"

"हे आईंनी केलंय."

"अरे, ही ती पडलेली वरात!" त्यांना पुन्हा हसू आले. "छान आहे हो. पण न्यायची कशात? गाडीत मुंगीला जागा नाही. फोटो आहेत ना, पुरे."

मी एक पाऊल पुढे टाकले. पत्नीने माझे मनगट धरले. तिचा हात थरथरत होता, पण तिने मनगट सोडले नाही. महिनाभर तिने जे केले ते आता टेबलावरून कुठे जाणार, हे ठरत होते. आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

पाठवणीसाठी नात शेजारीच उभ्या गाडीत बसली होती. तिने दार पुन्हा उघडले. "आजी, ती इकडे दे. मी मांडीवर घेते."

"अगं, शालू चुरगळेल," विहीणबाई म्हणाल्या.

"चुरगळू दे."

फळी उचलायला मी वळलो, तोवर सुनेने ती उचलली होती. भरलेले ताट न्यावे तशी, दोन्ही हातांनी, सपाट धरून ती गाडीपर्यंत गेली आणि तिने ती लेकीच्या मांडीवर ठेवली.

मी चालकाच्या खिडकीशी गेलो.

"धीरे चलाना. ब्रेकर पर लगभग रोक देना. गड्ढा दिखे तो बाजू से निकालना. समझे?"

"जी बाबूजी. काँच का सामान है क्या?"

"सुपारी है."

"सुपारी?" तो हसला.

"हँसो मत!" माझा आवाज चढला. मांडवातले लोक वळून पाहू लागले. "पूना तक हँसना नहीं है. रास्ता देखना है."

गाडी निघाली. फाटकाशी पहिला गतिरोधक होता. मागचे लाल दिवे लागले, गाडी जवळजवळ थांबली, पुढची चाके सावकाश उतरली, मग मागची. मी कान देऊन उभा होतो. गाडी वळणापलीकडे गेली.

पत्नी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"त्या बिचाऱ्यावर कशाला ओरडलात?"

"ओरडलो," मी म्हणालो.